चर्चचा ऑर्गन, नाटकाचा ऑर्गन

सुरतेहून भुसावळकडे जाणारी तापी खोऱ्यातली रेल्वे 1900 च्या सुमारास धावू लागली आणि नवापूर, चिंचपाडा, नंदुरबार ही गावं एकदम बंदराच्या जवळ आली. तोवर सातपुड्याच्या या पायथ्याला जड सामान येई ते बैलगाडीच्या बेतानं. पुढच्या काही वर्षांतच स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशनची माणसं पश्चिम खानदेशात कामाला लागली. फ्रेडरिक फ्रान्सन या मूळच्या स्वीडनच्या धर्मप्रचारकानं 1890 मध्ये शिकागोत ही संस्था काढली होती. चिंचपाड्याचं रुग्णालय 1942 मध्ये सुरू झालं, ते याच मिशनच्या कामातून.

ज्या शिकागोतून हे मिशन निघालं, त्याच शहरात पीटर बिलहॉर्न नावाचा एक भजनकार राहत होता. प्रार्थनासभांसाठी गावोगाव फिरताना वाद्याची अडचण होते, म्हणून 1880 च्या दशकात त्यानं घडी घालता येणारा ऑर्गन बनवला आणि पुढे त्याचा कारखानाच थाटला. झाकण लावलं की ट्रंक, उघडलं की चार पाय, दोन पायटे आणि स्वरपट्ट्या. एक माणूस उचलून नेईल एवढंच वजन. आशिया आणि आफ्रिकेत गेलेल्या मिशनऱ्यांच्या सामानात असा घडीचा ऑर्गन ठरलेला असे. जिथे चर्चची इमारत अजून उभी राहिली नव्हती, तिथे झाडाखाली किंवा पडवीत तो मांडला की उपासनेला सूर मिळे.

युरोपातल्या मोठ्या चर्चमध्ये भिंतभर नळ्यांचा जो ऑर्गन असतो, त्याचं हे गरीब भावंड. पण मराठी मुलखाचा हिशेब मांडला तर थोरला भाऊ जिथे बसवला तिथेच राहिला. धाकटा मात्र चर्चच्या दारातून बाहेर पडला, नाटकमंडळीत शिरला आणि मराठी गाण्याचा झाला. आज अमेरिकेत त्याचे कारखाने उरलेले नाहीत, पण महाराष्ट्रात तो दुरुस्त होतो, नव्यानं बांधला जातो आणि वाजतो.

नळ्यांचा थोरला

हिंदुस्थानात नळ्यांचा ऑर्गन फार आधी आला, आणि तोही गोव्याच्या वाटेनं. अकबरानं हाजी हबीबुल्ला याला गोव्याला पाठवलं होतं. तिथून आणलेल्या नवलाईत एक ऑर्गन होता. 1580 च्या सुमारास तो फत्तेपूर सिक्रीत वाजवून दाखवण्यात आला. बदायुनी या इतिहासकारानं त्याचं वर्णन करून ठेवलं आहे: माणसाएवढी मोठी पेटी, आत बसलेला फिरंगी वाजवणारा आणि सगळा दरबार थक्क. पण तो तमाशा दरबारातच संपला. गोव्यात मात्र पोर्तुगीज अमलात ऑर्गन चर्चच्या नित्याच्या कामाचा भाग झाला. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमध्ये अठराव्या शतकातला ऑर्गन आहे.

मुंबईत इंग्रजांचं पहिलं मोठं चर्च म्हणजे फोर्टातलं सेंट थॉमस. त्याची कल्पना सतराव्या शतकात गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरची, पण ते उपासनेसाठी उघडलं 1718 च्या नाताळात. ‘चर्चगेट’ हे नाव त्याच चर्चकडे जाणाऱ्या वेशीवरून पडलं. पुढे कुलाब्याला पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणार्थ अफगाण चर्च उभं राहिलं. 1858 मध्ये त्याचं अर्पण झालं. पुण्याच्या लष्करातलं सेंट मेरीज 1825 चं. अशा चर्चमध्ये ऑर्गन ही शोभेची वस्तू नव्हती. पलटणीची रविवारची उपासना, लग्न, दफनविधी, राजाच्या वाढदिवसाची प्रार्थना, सगळ्यांना तो लागे.

या ऑर्गनची हौस चर्चपुरती राहिली नाही. 1870 मध्ये ड्यूक ऑफ एडिंबरा मुंबईत येऊन गेला, त्याची आठवण म्हणून अल्बर्ट ससून यांनी मुंबईच्या टाउन हॉलला एक ऑर्गन भेट दिला. देणारा बगदादी यहुदी घराण्यातला व्यापारी, निमित्त इंग्रज राजपुत्राचं आणि जागा म्हणजे आज एशियाटिक सोसायटी जिथे आहे ती पायऱ्यांची इमारत. त्या काळच्या मुंबईत ऑर्गन हे शहराच्या ऐपतीचं लक्षण होतं.

या वाद्याची रचना समजली की ते मुंबई-पुण्याबाहेर का गेलं नाही हेही समजतं. त्यात एका नळीतून एकच सूर निघतो. 61 स्वरपट्ट्या आणि दहा जातींचे आवाज हवे असतील तर सहाशेवर नळ्या लागतात. काही कथील-शिशाच्या, काही लाकडाच्या, सर्वांत मोठी सोळा फुटांची. त्याखाली हवा साठवणारी पेटी, तिला जोडलेले चामड्याचे भाते आणि वीज येण्याआधीच्या काळात मागे उभं राहून दांडा मारणारा एक माणूस. वाजवणाऱ्याचं नाव पत्रिकेत छापलं जाई, दांडा मारणाऱ्याचं कधीच नाही. मुंबईच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं, चामडं बुरसतं, आणि नळ्या बसवणारा कारागीर विलायतेहून बोलवावा लागतो.

शिवाय हवामान आडवं येतं. नळीतला सूर हा आतल्या हवेचा असतो, आणि हवा तापली की तो चढतो. खानदेशात जानेवारीच्या पहाटे पारा 10 अंशांवर असतो आणि मे महिन्याच्या दुपारी 45 वर. एवढ्या फरकानं एकाच नळीचा सूर जवळजवळ अर्ध्या स्वरानं वर जातो. नाताळात जी काळी एक वाजली ती मे महिन्यात पांढरी दोन होऊन बसेल. पितळी पातीचा सूर मात्र उन्हाळ्याला फारसा जुमानत नाही. नंदुरबारसारख्या मुलखात घडीचा ऑर्गन टिकला याचं कारण पैशाइतकंच या पातीत आहे.

पातीचा धाकटा

वाऱ्यानं थरथरणारी सुटी पाती हे मूळ चीनचं ज्ञान. तिथल्या शेंग नावाच्या वाद्यात ती हजारो वर्षं वाजते आहे. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिच्यावर प्रयोग सुरू झाले आणि 1842 मध्ये पॅरिसच्या अलेक्झांद्र दबॅंनं ‘हार्मोनियम’चं पेटंट घेतलं. त्याचा भाता हवा बाहेर ढकलतो. अमेरिकेतल्या कारागिरांनी उलटं केलं. भात्यानं हवा आत ओढायची आणि बाहेरची हवा पातीतून आत शिरताना सूर निघायचा. त्यामुळे आवाज मऊ आणि गोल झाला. मेसन अँड हॅम्लिन कंपनीनं 1860 च्या दशकात ही जात नावारूपाला आणली. व्हर्मॉन्ट राज्यातल्या ब्रॅटलबरो गावच्या एस्टी कंपनीनं तर आपल्या हयातीत पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले. आगी लागून कारखाना दोनदा खाक झाला, तेव्हा जेकब एस्टीनं नव्या इमारतींच्या भिंतींनाच बाहेरून पाटीच्या दगडाचे पापुद्रे लावून घेतले. त्या इमारती अजून उभ्या आहेत.

हिंदुस्थानात या घराण्याला दोन फाटे फुटले. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी 1880 च्या दशकात पायपेटीचे पाय काढून भाता मागच्या बाजूला आणला आणि मांडी घालून वाजवायची हातपेटी बाजारात आणली. भजन, कीर्तन, कव्वाली, तमाशा सगळीकडे तिचं राज्य झालं. पण हातपेटीत एक हात भात्यावर अडकतो. ऑर्गनमध्ये भाता पायाखाली असतो, त्यामुळे दोन्ही हात मोकळे राहतात. मराठी गाण्याला पुढे या दुसऱ्या हाताची गरज पडणार होती.

मिशनच्या मंडळ्यांमध्ये मात्र आधी वेगळाच प्रश्न उभा राहिला. अमेरिकन मराठी मिशन मुंबईत 1813 पासून आणि अहमदनगरला 1831 पासून काम करत होतं. सुरुवातीची मराठी गीतं इंग्रजी चालींवर बसवलेली असत. ऑर्गनवर त्या चाली नीट बसत, पण मराठी जिभेवर बसत नसत. इंग्रजी चाल जिथे जोर मागते तिथे मराठी शब्द ऱ्हस्व निघतो. नगरकडच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तनाची वाट पाडली. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्या पंचवीस वर्षांत ओवी, अभंग, पद अशा घरच्या छंदांत शेकडो ख्रिस्ती गीतं लिहिली. टिळकांच्या गीतांना टाळ-मृदंग चालत, पेटी चाले आणि ऑर्गनही चाले. ऑर्गन हलवला नाही, चाली बदलल्या. मराठी चर्चमध्ये एकाच उपासनेत चार आवाजांत गायलेलं विलायती स्तोत्र आणि त्यामागोमाग टाळ्यांच्या ठेक्यावरचं भजन ऐकू येतं, त्याचं मूळ इथे आहे.

गंधर्वांचा काळ

अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा प्रयोग 31 ऑक्टोबर 1880 रोजी पुण्यात झाला आणि संगीत नाटकाची घोडदौड सुरू झाली. पुढच्या तीस वर्षांत गाणं वाढत गेलं. पदांची जागा रागदारीच्या बंदिशींनी घेतली, आणि एकेक पद ‘वन्स मोअर’सह अर्धा-अर्धा तास चालू लागलं. ध्वनिक्षेपक नव्हते. थिएटर हजाराचं, कधी पत्र्याचं, कधी नुसत्या तट्ट्यांचं. शेवटच्या रांगेतल्या पिटातल्या माणसाला पद ऐकू गेलं नाही तर तो आरडाओरडा करायला मोकळा. अशा जागी गायकाच्या पाठीशी न तुटणारा सूर हवा होता. सारंगी गोड, पण तिचा आवाज मागपर्यंत पोचायला कष्ट. ऑर्गननं ती जागा भरून काढली.

या बदलाच्या मध्यावर दोन माणसं उभी आहेत. एक गोविंदराव टेंबे. 1881 मध्ये जन्मलेल्या या कोल्हापूरकरानं पेटीला साथीच्या पायरीवरून उचलून एकल वादनाच्या बैठकीत बसवलं. किर्लोस्कर मंडळीनं 1911 मध्ये आणलेल्या खाडिलकरांच्या ‘मानापमाना’च्या चाली त्यांच्या. दुसरे नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व. त्यांच्या गाण्याची सुरुवातीची इयत्ता खानदेशातच झाली: लहानपणी जळगावला नातलगांकडे शिकायला असताना महबूब खाँकडे त्यांनी धडे घेतले. 1913 मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे यांनी मिळून गंधर्व नाटक मंडळी काढली. 1916 मध्ये ‘स्वयंवर’ आलं. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या, आणि त्यांनी मराठी प्रेक्षकाला ख्यालाची गोडी लावली.

पुढे मंडळीचा साथसंगतीचा संच ठरून गेला. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष आणि ऑर्गनवर हरिभाऊ देशपांडे. नामांकित मैफिलीला शोभेल असा हा ताफा रोज रात्री नाटकाला बसत होता. 8 जुलै 1921 रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात गंधर्व मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श यांनी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ केलं. मराठी रंगभूमीची ती सर्वांत गाजलेली रात्र. दोन मंडळ्यांचे दोन गवई, दोघांचे आवाज वेगवेगळ्या जातीचे, आणि दोघांनाही एकाच रात्री सूर पुरवायचा.

ऑर्गनवाला बसे रंगमंचासमोरच्या खड्ड्यात एका बाजूला. दुसऱ्या बाजूला तबलजी. त्याचं काम नीट पाहिलं तर लक्षात येतं की चर्चमधल्या वादकाशी त्याचं नातं फक्त खुर्चीपुरतं उरलं होतं. चर्चमध्ये ऑर्गन पुढे चालतो आणि मंडळी त्याच्या मागून गाते. स्तोत्र कागदावर छापलेलं असतं, चालही ठरलेली. नाटकात गवई पुढे. तो कुठे वळेल, कुठली तान घेईल, समेवर कधी येईल, काहीच लिहिलेलं नाही. उजव्या हातानं त्याच्या मागून सावलीसारखं जायचं, त्यानं श्वास घेतला की ती पोकळी त्याच्याच सुरावटीनं भरायची, आणि डाव्या हातानं षड्ज-पंचमाची बैठक सोडायची नाही. पाय मात्र थांबता कामा नयेत. हवा ओढणाऱ्या भात्याला पायाची लय लागते. गवई चढला की पायही जलद, तो उतरला की अलगद. शिवाय गुडघ्याशी दोन दांडे असतात. ते बाहेर ढकलले की आवाज मोठा होतो, त्यामुळे दोन्ही हात, दोन्ही पाय आणि दोन्ही गुडघे गुंतलेले. रात्री नऊ-दहाला सुरू झालेलं नाटक पहाटे संपे, तोवर हा माणूस एका जागी बसून भाता चालवत असे.

श्रुतींचं भांडण

याच सुमारास ऑर्गन-पेटीवर पहिला मोठा वार झाला, आणि तोही मराठी मुलखातून. पेटीचे बारा सूर पाश्चात्त्य पद्धतीनं सारख्या अंतरावर बसवलेले असतात. आपल्या गवयाचा गंधार त्यापेक्षा किंचित उतरलेला, धैवत वेगळा. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल हे निवृत्त डेप्युटी कलेक्टर. त्यांनी गवयांचे सूर मोजून बावीस श्रुतींचं, म्हणजे सप्तकातल्या सूक्ष्म सुरांचं, गणित मांडलं आणि 1910 मध्ये ते पुस्तकरूपानं छापलं. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांनी त्यांच्यासाठी गाऊन दाखवलं. ई. क्लेमेंट्स हा साताऱ्याचा इंग्रज न्यायाधीश या उद्योगात सामील झाला आणि बावीस श्रुती वाजतील अशी पेटी लंडनमध्ये बनवून घेण्यात आली.

1916 मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे ही श्रुतीपेटी मांडण्यात आली. पण संगीतशास्त्रज्ञ भातखंडे आणि जमलेले बरेच गवई तिच्या सुरांना राजी झाले नाहीत, आणि ती पेटी पुढे बाजारात रुजली नाही. बावीस श्रुती वेगळ्या-वेगळ्या दाबायच्या तर बोटं वाढवावी लागतील, हा सरळ व्यवहारही तिच्या आड आला. मात्र देवलांनी उठवलेला मुद्दा मिटला नाही. 1 मार्च 1940 पासून ऑल इंडिया रेडिओनं हार्मोनियमवर बंदी घातली. रवींद्रनाथ ठाकूरांसारखी माणसं या बंदीच्या बाजूनं होती. ती सैल व्हायला 1971 साल उजाडलं.

रंगभूमीनं मात्र ऑर्गन सोडला नाही. चांगला वादक नेमक्या नाजूक जागी बोट उचलून घेतो, गवयाच्या मिंडेत शिरत नाही, आणि ती जागा ओलांडली की पुन्हा सोबत येतो. वाद्य दुरुस्त करायच्या ऐवजी मराठी वादकांनी वाजवणं दुरुस्त केलं.

उतरती कळा

1932 मध्ये प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट आला. त्याचं संगीत टेंब्यांचं, आणि हरिश्चंद्रही तेच. बोलपटानं नाटकाचा प्रेक्षक ओढून नेला. तीसच्या दशकात गंधर्व मंडळीला कर्जानं घेरलं आणि बालगंधर्व स्वतः 1935 च्या ‘धर्मात्मा’त पडद्यावर दिसले. मंडळ्या मोडल्या की सामानाची वाटणी होते. पडदे, शेले, दागिने गेले तसे ऑर्गनही गेले: कुणाच्या वाड्यात, कुणा हौशी वकिलाच्या दिवाणखान्यात, कुठल्या वाचनालयाच्या माडीवर.

1943 मध्ये सांगलीला आणि 1944 मध्ये मुंबईत मराठी रंगभूमीचा शतसांवत्सरिक उत्सव झाला. मुंबईत डॉ. अमृत नारायण भालेराव यांनी साहित्य संघाच्या वतीनं जुनी नाटकं पुन्हा उभी केली आणि माडीवरचे ऑर्गन पुन्हा खाली उतरले. साठच्या दशकात ‘पंडितराज जगन्नाथ’, ‘मत्स्यगंधा’, ‘कट्यार काळजात घुसली’ या नव्या संगीत नाटकांनी त्यांना आणखी काम दिलं. याच पिढीत गोविंदराव पटवर्धन झाले. कोकणातून आलेल्या या माणसाला जुन्या नाटकांची सगळी पदं तोंडपाठ. कुमार गंधर्व, वसंतराव देशपांडे, अभिषेकीबुवा यांना त्यांनी साथ केली. ऑर्गन हे वाद्य केवढं बोलू शकतं हे माझ्या आधीच्या पिढीनं त्यांच्याकडून ऐकलं.

पण वाद्याचं माहेर तोवर बंद पडत आलं होतं. अमेरिकेत 1935 मध्ये हॅमंडचा विजेचा ऑर्गन आला, चर्चनी पायटे सोडून बटणं घेतली, आणि एस्टी कंपनी 1960 मध्ये बंद झाली. इकडे स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले. मोडलेल्या ऑर्गनला सुटा भाग मिळण्याचा रस्ता दोन्ही टोकांनी बुजला.

पुन्हा बांधताना

तरीही महाराष्ट्रात ऑर्गन जिवंत आहे, याचं श्रेय पेटी-कारागिरांना. पुण्या-मुंबईत, मिरज-सांगलीकडे, कोकणात या मंडळींनी जुने ऑर्गन उघडून ते काम शिकून घेतलं. कोकणात तर त्यातून पुरते नवे ऑर्गन बांधले गेले.

जुना ऑर्गन आला की कारागीर आधी मागची फळी काढतो आणि पायटा दाबून पाहतो. बहुतेक वेळा पाय थेट खाली जातो आणि काहीच वाजत नाही. भात्याचं रबरी कापड काही दशकांत कडक होऊन घड्यांवर चिरतं. ते उतरवायचं, लाकडावरचा जुना सरस कोमट पाण्यानं सोडवायचा आणि नवं कापड पुन्हा गरम सरसानंच बसवायचं. आधुनिक गोंद वापरला तर पन्नास वर्षांनी येणाऱ्या कारागिराला लाकूड फोडावं लागेल. सरस मात्र सुटतो. मग भाता ओढून सगळे स्टॉप, म्हणजे आवाज निवडायच्या खुंट्या, बंद ठेवायचे आणि तो किती वेळ तसाच ओढलेला राहतो ते बघायचं. लगेच सुटला तर हवा कुठून तरी शिरते आहे. उदबत्तीचा धूर सांध्याजवळून फिरवला की जिथे फट असेल तिथे धुराची रेघ वाकून आत जाते. पट्ट्यांखालच्या लोकरी नमद्याला कसर लागलेली असते, उंदरांनी आत घर केलेलं असतं. ते सगळं नव्यानं घालायचं.

समोर ओळीनं मांडलेल्या स्टॉपच्या खुंट्यांचीही एक गंमत आहे. अकरा-बारा खुंट्या दिसतात, त्यावर दिमाखदार अक्षरांत डायपॅसन, डल्सियाना, व्हॉक्स ह्युमाना अशी नळ्यांच्या ऑर्गनची नावं. पण आत पातींचे दोन-तीनच संच असतात. काही खुंट्या एकाच संचाची तोंडं कमी-जास्त उघडतात, काही तर कशालाच जोडलेल्या नसतात. गिऱ्हाइकाला वाद्य भारी दिसावं म्हणून कारखान्यानं केलेली ही सोय. व्हॉक्स ह्युमानाची खुंटी मात्र खरी असते: ती ओढली की आत एक पुठ्ठ्याचं पातं गरगर फिरतं आणि सूर थरथरतो.

सर्वांत नाजूक काम सुरांचं. इथे सूर म्हणजे पितळी पाती. पेटीच्या धंद्यात तिला हेच नाव आहे. हातपेटीला लागणारे सूर गुजरातेत पालिताण्याला बनतात, पण ते ऑर्गनला जसेच्या तसे चालत नाहीत. अमेरिकन ऑर्गनचा प्रत्येक सूर आपापल्या खाचेत सरकवून बसवलेला असतो. आकड्यासारख्या हत्यारानं तो ओढून काढायचा आणि नंबर घातलेल्या फळीवर क्रमानं ठेवायचा. साध्या ऑर्गनमध्येही असे शंभरावर सूर निघतात. ब्रशनं धूळ झाडली की बरेच मुके सूर बोलू लागतात. उरलेले लावावे लागतात. पातीचं टोक किंचित खरवडलं की ती हलकी होते आणि सूर चढतो. मुळाशी खरवडलं की ती सैल होते आणि सूर उतरतो. चूक झाली तर पितळ परत चिकटवता येत नाही, म्हणून दोन खरवडी झाल्या की ऐकायचं, परत दोन, परत ऐकायचं.

लावायचा तरी किती? अमेरिकन कारखान्यांनी 1890 च्या दशकात ए या सुराला सेकंदाला 435 कंपनं हे माप धरलं होतं. आज सगळी वाद्यं 440 वर लागतात. म्हणजे जुना ऑर्गन कितीही शाबूत असला तरी आजच्या बासरीला, व्हायोलिनला, हातपेटीला तो उतरलेलाच वाटणार. ही तफावत केवढी? सप्तकाचे 1200 भाग केले तर सुमारे 20 भागांची. देवलांच्या गणितात प्रमाणश्रुती, म्हणजे श्रुतीचं सर्वांत लहान अंतर, येते साडेएकवीस भागांच्या आसपास. बावीस श्रुतींची पेटी बडोद्यात नापसंत ठरली, पण एका श्रुतीचा तो वाद आजही प्रत्येक जुन्या ऑर्गनच्या पोटात शिल्लक आहे, आणि कारागीर तो पाती खरवडून मिटवतो. एकट्या गवयाची साथ करायची असेल तर जाणता कारागीर ऑर्गन 435 वरच ठेवा म्हणतो, कारण तानपुरा काय, कुठेही जुळवता येतो, आणि जितकं कमी खरवडलं तितकं पितळाचं आयुष्य वाढतं.

नळ्यांच्या थोरल्या ऑर्गनचं असं होऊ शकलं नाही. त्याच्या शेकडो नळ्या, चामड्याचे भाते आणि हवापेट्या उघडून बसवण्याचं शिक्षण आपल्याकडे रुजलं नाही, कारण त्याच्याशी रोज गाणारी माणसं मोजकी होती. धाकट्या ऑर्गनला चर्चनं आणलं, नाटकानं पोसलं आणि पेटीवाल्यांनी जगवलं. म्हणून आता गरज आहे ती एका साध्या नोंदवहीची: महाराष्ट्रातल्या चर्चमध्ये, वाचनालयांत, जुन्या नाट्यगृहांत आणि मिशनच्या कोठारांत कुठला ऑर्गन कोणत्या अवस्थेत पडून आहे याची. खानदेशातली मिशनची ठाणी या यादीत पहिल्या पानावर यायला हवीत, कारण अडगळीतली घडीची पेटी भंगारात जायला सर्वांत सोपी. दुसरी गरज शिकाऊ पोरांची. सरस, नमदा आणि खरवडणी हे काम पुस्तकातून येत नाही, आणि ते हातात असलेले कारागीर फार उरलेले नाहीत. काचेच्या कपाटात ठेवलेल्या ऑर्गनचं कापड कडक होतंच. ज्याच्यावर रोज कुणी पाय मारतं आणि कुणी गातं त्याचाच भाता हवा धरून राहतो. तेव्हा दुरुस्तीच्या खर्चासोबत तो वाजवणाऱ्याचं मानधनही हिशेबात धरलेलं बरं.